तुळशीरामभाऊंचा अंगठा

प्रिय ईशान आणि रेवा,

मागच्या रविवारी रेवा मला म्हणाली, "आजी, आईला फोनवर काही महत्त्वाचं सांगितलं की ती गप्पच होते. मला वाटतं लाइन तुटली. मी आपली हॅलो हॅलो करत बसते." ईशानचीही तीच तक्रार आहे. तुम्ही दोघं दोन देशांत, तुमची आई पुण्यात, मी नागपुरात, आणि मध्ये ही शांतता. ती तुम्हाला खटकते हे मला समजतं. पण तिला ही सवय कुठून लागली ते मला ठाऊक आहे. ती चौथीत असताना, नागभीडला, एका माणसाच्या शेजारी बसून रेडिओ ऐकताना लागली. त्या माणसाबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं.

आधी थोडी माहिती देते, म्हणजे पुढे अडायला नको. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. तुमचे आजोबा वनखात्यात होते आणि महिन्यातले बरेच दिवस जंगलात फिरतीवर असत. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. आमच्या भाड्याच्या घराला पुढे मोकळी छपरी होती. तिथे एका स्टुलावर आमचा रेडिओ, आणि रेडिओच्या जाळीला कान लावून तुमची आई. घरी दुसरं कोणी नसे, त्यामुळे तिला तोच शेजारी, तोच मित्र. मात्र तिला स्वस्थ ऐकता येत नसे. "आई, आता कोण आलं? आई, तो का रडतोय?" असं सारखं चाले. मी पेपर तपासता तपासता म्हणायची, "शुभा, ऐक. तेच सांगतील." पण तेवढा धीर तिच्यात नव्हता.

आमच्या पलीकडच्या घरात तुळशीराम मेश्राम राहत. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने सुकलेले, आवाज मात्र दोन माणसांचा. ते राईस मिलमध्ये यंत्रावर होते. दिवसभर पट्ट्यांचा खडखडाट, त्यामुळे घरीसुद्धा ते मिलमध्ये असल्यासारखेच बोलत. "यमुने, मीठ कुठी आहे?" हे त्यांनी स्वयंपाकघरात बायकोला विचारलं की आमच्या घरात मी मिठाच्या बरणीकडे बघायची.

पण त्यांची खरी ओळख वेगळी होती. ते नाटकातले प्रॉम्प्टर होते.

त्या भागाला झाडीपट्टी म्हणतात. धान निघालं की तिथे गावोगाव नाटकं होतात, आणि ती बघायला माणसं बैलगाड्या जुंपून येतात. काम करणारे बहुतेक नट दिवसा शेतात नाहीतर दुकानात. नवं नाटक पाठ करायला वेळ कुणाला? म्हणून प्रॉम्प्टर लागतो. इतर ठिकाणी तो कुणी अडलं तरच बोलतो. इथे तो पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत बाजूच्या पडद्यामागून सगळं नाटक वाचत असतो आणि नट एकेक वाक्य उचलून बोलतो. कोणी थांबलं की तुळशीरामभाऊ तेच वाक्य पुन्हा फेकत, जरा चढ्या आवाजात. तरी थांबलं तर आणखी चढ्या. "उचल, उचल!" हे त्यांचं पालुपद. नटांना त्यांचा धाक वाटे आणि आधारही वाटे.

ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की रोजच्या जगण्यातही कोणी बोलताना थांबलेलं त्यांना सहन होत नसे. समोरचा अडला की पुढचं वाक्य ते देत. एकदा एका सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या वडिलांना विचारलं, "मुलगा पसंत आहे का?" वडील जरासे थांबले. मागून तुळशीरामभाऊ म्हणाले, "पसंत आहे, पुढच्या महिन्यात लगन करून टाकू." घाबरलेल्या वडिलांनी तेच वाक्य जसंच्या तसं उचललं आणि लग्न ठरलं. पुढे त्यावरून कोणी चिडवलं की भाऊ म्हणत, "पोरगी सुखी आहे ना? मंग!"

दरवेळी मात्र असं निभावत नसे. गल्लीतल्या एका माणसाची बायको वारली. आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. तो सांगत होता, "सकाळी उठली. चहा मांडला. आणि…" सगळे खाली बघत होते. तुळशीरामभाऊंनी वाक्य दिलं, "अन् मंग छातीत दुखाले लागलं."

"नाई भाऊ," तो माणूस म्हणाला, "पाय घसरला."

त्या दिवसानंतर यमुनाबाईंनी त्यांना कुणाच्या दुःखात बरोबर नेणं बंद केलं.

असा हा माणूस एका उन्हाळ्यात, रविवारी दुपारी, आमच्या छपरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. हातात पिशवीभर शिंगाडे होते, त्यांच्या मेहुण्याच्या तळ्यातले, उकडून वाळवलेले. मी म्हटलं, "या भाऊ, बसा." ते बसले नाहीत.

"बाई, तुमच्या रेडिओवर रविवारी नाटक लागते ना जी? मले ऐकाचं होतं."

"तुमच्याकडेही आहे की रेडिओ."

"आहे. पण घरी मले कोणी ऐकू देत नाई."

पलीकडून यमुनाबाईंचा आवाज आला, "काऊन ऐकू देऊ? रेडिओतल्या बाईच्या आधी हेच बोलते! मांगच्या वेळी खुनी कोण ते यांनीच सांगून टाकलं, अन् तेही चुकीचं!"

मग हळूहळू खरं कारण कळलं. मागच्या हंगामात त्यांच्या नाटक मंडळीने नागपूरहून एक तरुण दिग्दर्शक आणला होता. त्याच्या नाटकात बऱ्याच वर्षांनी मुलगा घरी येतो, आई त्याच्याकडे बघत राहते, खूप वेळ काहीच बोलत नाही, आणि मग फक्त म्हणते, "हातपाय धुऊन घे. भात गरम आहे." दिग्दर्शकाने बजावलं होतं की इथे थांबायचं आहे. प्रयोगात आईचं काम करणारी बाई थांबली. तुळशीरामभाऊंनी वाक्य दिलं. ती थांबूनच. त्यांनी पुन्हा दिलं, मिलच्या आवाजात, "हातपाय धुऊन घे!" तिसऱ्यांदा दिलं तेव्हा प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "अरे धुतले त्यानं, आता वाढा!" सगळा मांडव हसला. ज्या प्रसंगाला रडायचं, तिथे लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मंडळीने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत त्याच नाटकाची तालीम होईल. तिथे भाऊंना चूप राहता आलं तर ठीक, नाहीतर पडद्यामागची जागा दुसऱ्याला. दुसरा माणूस बघूनही ठेवला होता.

"बाई, मिलमधी आवाज बंद झाला म्हणजे पट्टा तुटला. स्टेजवर आवाज बंद झाला म्हणजे नट वाक्य भुलला. जिंदगीभर मले हेच माहीत," ते म्हणाले. "आता म्हणते, चूप राहा. कसं राहू? तो दिग्दर्शक म्हणे, रेडिओ ऐकजा, त्यात चूप राहणं असते. म्हणून आलो. ते जागा गेली तं मी निसता मिलवाला राहतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हाच समजलं.

पहिला रविवार फार वाईट गेला. नाटकात एक म्हातारा बाप आणि भांडून गेलेला मुलगा होता. मुलाने दार वाजवलं. बाप थांबला.

"उचल!" तुळशीरामभाऊ ओरडले. बाप बोलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच वाक्य दिलं, छाती काढून, "या घराची पायरी चढशील तं माहं मेलेलं तोंड पाहशील!"

रेडिओतला बाप म्हणाला, "ये. चप्पल आत घे, कुत्रं नेतं."

तुमची आई इतकी हसली की शिंगाडा घशात अडकला. भाऊ मात्र खरोखर दुखावले गेले. "लिहिणाऱ्यानं चूक केली. इतक्या वर्षांनी पोट्टा आला अन् बाप कुत्र्याचं बोलून राह्यला?"

मी म्हटलं, "भाऊ, रेडिओला तुमचं ऐकू जात नाही."

"मले माहीत आहे जी. तोंडाले माहीत नाई."

दोन-तीन रविवार असेच गेले. मग तुमच्या आईने एक युक्ती काढली. नाटक सुरू झालं की ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसे आणि त्यांचा उजव्या हाताचा अंगठा आपल्या मुठीत धरे. त्यांनी बोलायला तोंड उघडलं की ती अंगठा दाबे. इतका दाबे की ते "आयो!" म्हणत, पण वाक्य गिळत. ती त्यांना दटावायची, "भाऊ, ऐका. तेच सांगतील." माझं वाक्य तिच्या तोंडून ऐकताना मला गंमत वाटायची. आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. त्यांना गप्प ठेवायचं म्हणून ती स्वतः गप्प राहू लागली होती. कोण आलं, का रडतंय, हे मला विचारणं थांबलं होतं. शांतता आली की दोघं एकाच वेळी मान वाकवत. जणू विहिरीत काही पडलंय आणि पाण्याचा आवाज यायचाय.

नाटक संपलं की दोघांची चर्चा चाले. ती मी पेपर बाजूला ठेवून ऐकायची.

"तो मामा काऊन थांबला व पोरी?"

"खोटं बोलणार होता. मग नाही बोलला."

"हं. अन् ते बुढी?"

"ती थांबली नाही भाऊ. ती दळत होती. जातं ऐकलं नाही का?"

"ऐकलं. पण जातं थांबलं तवा?"

हा प्रश्न तुमच्या आईने डोक्यात घेतला. ती आठवडाभर तेच बोलत होती. शाळेतून येताना मध्येच म्हणाली, "आई, जातं थांबलं तेव्हा तिला मुलाची आठवण आली असेल." मग दप्तर टाकून पलीकडे पळाली, भाऊंना सांगायला.

एका रविवारी, पोळ्याच्या सुमाराला असेल, नाटक दोघांचंच होतं. म्हातारा नवरा आणि बायको, बाकी सगळी घड्याळाची टिकटिक. त्यात एके जागी बायको इतका वेळ गप्प राहिली की मलाच वाटलं, स्टेशन गेलं. भाऊंच्या ओठांवर वाक्य आलेलं मला दिसत होतं. अंगठा मुठीतच होता. शेवटी बायको बोलली, आणि तुमची आई हळूच म्हणाली, "भाऊ, थांबायच्या आधी तिने श्वास सोडला."

"काय सोडला?"

"श्वास. असा." आणि तिने करून दाखवला.

भाऊंनी ते तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. नाटक संपलं, निवेदक पुढच्या कार्यक्रमाची माहिती देऊ लागला आणि एका नावापाशी अडकला. नुसता अडकला, कागद चाळल्याचा आवाज आला. तुळशीरामभाऊ ताडकन उभे राहिले. शिंगाड्यांची सालं छपरीभर झाली.

"हा पाहा! हा भुलला! हा असली भुलला! यानं श्वास घेतला अन् तसाच अडकला! पोरी, ऐकलं का? भुलणारा श्वास घेऊन थांबते! अन् ते बुढी सोडून थांबली!"

त्या बिचाऱ्या निवेदकाच्या अडखळण्याने इतका आनंद दुसऱ्या कुणाला झाला नसेल. दोघं छपरीत नाचत होते. यमुनाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "काय झालं व बाई? लाटरी लागली का?"

त्यानंतर ते दोघं प्रत्येक शांततेची अशी तपासणी करू लागले. "सोडला." "नाई, घेतला." "सोडला हो भाऊ!" रेडिओत माणूस दिसत नाही. त्यामुळे त्याचा श्वासच तेवढा हाती लागतो, आणि तोच ते दोघं पकडून बसत. अंगठा अजून मुठीत असायचा, पण आता दाबावा लागत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत दुपारी मंडळीची तालीम होती, एका रिकाम्या गोदामात. तुमच्या आईने हट्ट धरला म्हणून मीही गेले. धानाच्या कोंड्याचा वास होता, बाकांवर गावातले रिकामे लोक बसले होते, आणि मागच्या हंगामातला तो प्रसंग सगळ्यांना आठवत होता. काहींच्या चेहऱ्यावर आताच हसू होतं. ज्या माणसाला भाऊंच्या जागी घ्यायचं ठरलं होतं, तोही पहिल्या बाकावर होता, भांग पाडून.

भाऊ बाजूच्या पडद्याआड बुटक्या स्टुलावर बसायला निघाले. तुमची आई त्यांच्या मागोमाग गेली. मला तिचं बोलणं ऐकू आलं, "मी धरू?"

"नाई बेटा. आज मीच धरतो."

ती परत येऊन माझ्या शेजारी बसली. आई आणि मुलाचा प्रवेश आला. आईचं काम नागपूरच्या एक अनुभवी कलावंत करत होत्या, विमलबाई. मुलगा दारात उभा राहिला. विमलबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

बाकांवरची सगळी माणसं विमलबाईंना सोडून बाजूच्या पडद्याकडे बघत होती.

पडद्यामागून काही आलं नाही.

आणखी वेळ गेला. कोणीतरी खोकलं. दिग्दर्शक आधी ताठ उभा होता, तो हळूहळू सैल झाला आणि हसला. पहिल्या बाकावरचा माणूस आपल्या चपलेकडे बघू लागला. मीही सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात तुमच्या आईने माझं मनगट पकडलं.

"आई," ती कुजबुजली, "विमलबाईंनी श्वास घेतलाय."

मी वळून पाहिलं. विमलबाई तशाच उभ्या होत्या, डोळे मुलावर. मला तरी त्या उत्तम काम करतायत असंच वाटलं. मग त्यांचे खांदे खाली आले आणि त्या म्हणाल्या, "हातपाय धुऊन घे. भात गरम आहे."

गोदामात कोणी हललं नाही. मागे एका म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. दिग्दर्शक टाळ्या वाजवत पुढे आला. "असं! असं थांबायचं! आणि मेश्राम, शाब्बास, आज एक अक्षर बोलला नाहीत!" भाऊंची जागा तिथेच पक्की झाली.

चहाच्या वेळी विमलबाई पडद्याआड गेल्या. आम्ही तिथेच होतो म्हणून ऐकलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, डोकं एकदम कोरं झालं होतं माझं. तुम्ही नसता तर आज माझंच हसं झालं असतं."

तुळशीरामभाऊंनी कपातला चहा बशीत ओतला. "काय जी बाई," ते म्हणाले, "मी तं चूपच होतो."

त्यांनी ते वाक्य दिलं होतं. तीन हातांवर बसलेल्या माणसालाही कळलं नाही इतक्या हळू दिलं होतं. ही गोष्ट त्यांनी पुढे कुणाला सांगितली नाही, यमुनाबाईंनासुद्धा नाही. तुमच्या आईनेही नाही. घरी येताना ती इतकंच म्हणाली, "त्यांनी ओळखलं, आई. मी सांगायच्या आधी ओळखलं."

रविवारचं ऐकणं त्यानंतरही चालूच राहिलं. आता गरज नव्हती, पण दोघांनाही ते सोडवत नव्हतं. भाऊ एकदम साधुसंत झाले असं समजू नका. लग्नाच्या मांडवात नवरदेव प्रतिज्ञा म्हणताना अडखळला की मागून वाक्य येतच असे, आणि यमुनाबाईंच्या बोलण्यात तर ते शेवटपर्यंत तोंड घालत राहिले.

पण त्याच काळात माझे वडील गेले. तार आली तेव्हा तुमचे आजोबा जंगलात होते. मी जाऊन, सगळं आटपून परत आल्यावर भाऊ भेटायला आले आणि छपरीच्या पायरीवर बसले. मी त्यांना सांगू लागले की बाबांनी शेवटी माझं नाव घेतलं, आणि… पुढे मला बोलता येईना. मला आठवलं की या माणसाला पुढचं वाक्य दिल्याशिवाय राहवत नाही, आणि मनात मी त्यासाठी तयारही झाले. भाऊ काही बोलले नाहीत. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिच्या चाकांचा आवाज पार मोडापर्यंत ऐकू आला. ते वाक्य मी पुरं केलं नाही, त्यांनीही केलं नाही. मग ते उठले, नमस्कार केला आणि गेले. माझ्या दुःखात त्यांच्याइतकं चांगलं मला कोणी भेटलं नाही.

रेवा, आता तुला कळलं असेल. तुझी आई फोनवर गप्प होते तेव्हा तू हॅलो करू नकोस. नीट ऐक. तिने श्वास सोडलेला असतो.

शुभा सातवीत गेली आणि आमची बदली झाली. नागभीडहून त्या वेळी छोटी गाडी सुटायची, इतकी छोटी की तिच्या खिडकीतून फलाटावरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवता येई. निरोपाला गल्लीतले बरेच लोक आले होते. यमुनाबाईंनी शिंगाडे बांधून दिले. सगळे एकदम बोलत होते, पत्र टाका, सुट्टीत या, पोरीले शिकवा. तुळशीरामभाऊ मागे उभे होते, खांबाला टेकून.

गाडीने शिट्टी दिली. यमुनाबाई मागे वळून म्हणाल्या, "अवो, बोला ना काहीतरी! पोट्टी जाऊन राह्यली ना!"

भाऊंनी नको अशी मान हलवली. तुमची आई खिडकीच्या गजांना कान लावून बसली होती, पूर्वी रेडिओच्या जाळीला लावायची तसा. गाडी हलली. माणसं हात हलवत मागे सरकली, मग खांब सरकला, आणि खांबाशी उभे असलेले भाऊ दिसले. त्यांनी हात हलवला नाही. त्यांचा उजवा अंगठा त्यांच्याच डाव्या मुठीत होता.